पहाटेच्या अंधारात दाराशी उभी असलेली स्त्री

फजरच्या नमाजसाठी प्रेषित मुहम्मद (स.) घराबाहेर पडले, तेव्हा मदिनेत अजून अंधार होता. दाराजवळ एक स्त्री उभी होती. आपण कोण, असे प्रेषितांनी विचारले. तिने नाव सांगितले : हबीबा, सहल यांची कन्या. काय झाले, असे विचारल्यावर तिने एवढेच सांगितले की आपले आणि पती साबित बिन कैस यांचे आता एकत्र निभणे शक्य नाही. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये ही घटना आली आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या कथनात आणखी एक गोष्ट आहे. साबित यांनी तिला मारले होते, आणि त्या मारात तिचा एक अवयव मोडला होता.

साबित (रजि.) हे कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. अन्सारांचे ते वक्ते होते, प्रेषितांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी होते. तक्रार होती ती अशा प्रतिष्ठित माणसाविरुद्ध. तरीही साबित समोर आले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की हबीबा आली आहे आणि जे सांगायचे ते तिने सांगितले आहे. तिने मेहर परत करण्याची तयारी दाखविली, साबित यांनी तो स्वीकारला आणि हबीबा माहेरी गेली.

आपल्या मदरशांतून ही हदीस 'खुला'च्या प्रकरणात शिकविली जाते आणि ते योग्यच आहे. पण वाचकहो, आज आपण ती वेगळ्या बाजूने वाचू या, दाराच्या बाजूने. मदिनेत प्रेषित केवळ धर्मोपदेशक नव्हते, ते त्या राज्याचे प्रमुख आणि न्यायाधीशही होते. मारहाण झालेली एक स्त्री कोणत्याही मध्यस्थाविना, दिवस उजाडण्यापूर्वी, राज्यप्रमुखाच्या दाराशी पोहोचू शकली. तिला पहारेकऱ्याने अडविले नाही. 'घरातला मामला आहे, घरी जा' असे कोणी म्हटले नाही. नमाजची वेळ झाली होती म्हणून तिला नंतर या असेही सांगितले गेले नाही. आधी तिचे ऐकले गेले, मग पतीला सामोरे आणले गेले, आणि निर्णय झाला. सगळा न्याय त्या पहिल्या प्रश्नातून सुरू झाला : काय झाले?

तक्रारींची संख्या काय सांगते

अबू दाऊद यांच्याच संग्रहातील दुसरी एक हदीस या विषयावर फारशी सांगितली जात नाही. प्रेषितांनी आधी स्त्रियांना मारण्यास मनाई केली होती. मग ह. उमर (रजि.) आले आणि म्हणाले की स्त्रिया आता पतींना जुमानत नाहीत. तेव्हा ती मनाई सैल झाली. त्यानंतर काय झाले? अनेक स्त्रिया प्रेषितांच्या घरच्यांकडे आपल्या पतींच्या तक्रारी घेऊन आल्या. प्रेषितांनी हे लोकांसमोर मांडले आणि सांगितले की असे पती तुमच्यातले चांगले लोक नव्हेत.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. तक्रारी वाढल्या, तेव्हा प्रेषितांनी असे म्हटले नाही की स्त्रिया फार तक्रारखोर झाल्या आहेत. त्यांनी त्या संख्येला साक्ष मानले, आणि ती साक्ष पतींविरुद्ध होती. सुरह निसाच्या ३४ व्या आयतीचा एक शब्द हाताशी धरून जो आपला हात उचलतो, त्याने हेही लक्षात ठेवावे की प्रेषितांनी आयुष्यात कधी एखाद्या स्त्रीवर किंवा सेवकावर हात उगारला नाही. ही ह. आयेशांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये आहे. ताबिईनपैकी अता बिन अबी रबाह यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने त्या आयतीनंतरही पतीने पत्नीला मारू नये, हेच मत दिले.

आता आपल्या देशातील आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पती किंवा सासरच्यांकडून झालेल्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे देशभर नोंदले गेले. स्त्रियांविरुद्धच्या एकूण गुन्ह्यांत हा सर्वांत मोठा वाटा आहे. ही संख्या मोठी वाटते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणानुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी ७७ जणींनी ती गोष्ट कोणालाच सांगितली नाही आणि कोणाची मदतही मागितली नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४. त्यांतही बहुतेकींनी मदत मागितली ती माहेरच्यांकडे.

म्हणून एखाद्या तालुक्यातून वर्षभरात दोन-चारच तक्रारी आल्या, तर तिथे घरोघरी सुख नांदत आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दार उघडे होते का, हे विचारावे लागते. मदिनेतल्या स्त्रिया बोलल्या, कारण ऐकणारे घर त्यांना माहीत होते.

शासकाचे दार

राज्य मोठे झाले की शासक प्रत्येक दारी उभा राहू शकत नाही. मग काय करावे? तिर्मिजी यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. अम्र बिन मुर्रा (रजि.) यांनी ह. मुआविया (रजि.) यांना प्रेषितांची एक हदीस ऐकविली. तिचा आशय असा की जो शासक गरजवंत आणि दुर्बळ लोकांसमोर आपले दार बंद करतो, त्याच्या गरजेसमोर अल्लाह आकाशाची दारे बंद करतो. हे ऐकल्यावर ह. मुआवियांनी लोकांच्या गरजा ऐकण्यासाठी एका माणसाची नेमणूक केली.

आजच्या प्रशासनाचे बीज या छोट्या नेमणुकीत आहे. शासक नेमतो तो अधिकारी म्हणजेच शासकाचे दार. पद रिक्त राहिले की दार बंद. पदावर माणूस आहे, पण त्याच्याकडे आणखी चार कामे आहेत आणि तो कुठे बसतो हे कोणालाच ठाऊक नाही, तेव्हाही दार बंदच असते. सुरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपविण्याची आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा एकत्र आली आहे. मुफस्सिरांनी या आयतीला सत्ताधाऱ्यांना उद्देशून असलेली आयत मानले आहे. पद ही अमानत आहे.

आता रोहिणखेडला येऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याचे हे गाव इतिहासात आले ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहमनी सैन्याने खानदेशच्या नसीर खानाचा येथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा प्रश्नही याच रानात तलवारीने सुटला. १५८२ मध्ये खुदावंद खान महदवी याने बांधलेली मशीद गावात आहे. शासकांनी काय जिंकले, काय बांधले, हे तवारीखकारांनी लिहून ठेवले. त्याच गावातली एखादी स्त्री रात्री मार खाऊन कोणाच्या दारी गेली, हे लिहिण्याची पद्धत नव्हती.

अशी एक भगिनी आजच्या रोहिणखेडमध्ये आहे, असे समजा. रात्री मार बसला आहे, मूल कडेवर आहे, माहेर दूर आहे. तिने कुठे जावे? मोताळ्याला की राजूर घाट चढून बुलढाण्याला? पोलिसांकडे की आणखी कुठे? सकाळची एस.टी. पकडून ती निघालीच, तर ज्या कार्यालयात तिचे काम होणार आहे त्याचे नाव तिला कोणी सांगितले आहे का?

कायद्याने तिच्यासाठी एक दार निश्चित केले आहे. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, आणि याविषयी आपल्या समाजात विनाकारण संभ्रम आहे. केवळ मारहाण नव्हे, तर शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणे, तिचे दागिने अडकवून ठेवणे, हे सर्व त्यात हिंसाचार ठरते. या कायद्याने 'संरक्षण अधिकारी' हे पद निर्माण केले. स्त्रीची तक्रार आली की कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठविणे, तिला मोफत कायदेशीर मदत, वैद्यकीय तपासणी आणि गरज पडल्यास निवारागृह मिळवून देणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. तातडीचा प्रसंग असेल तर केवळ फोनवर मिळालेल्या विश्वसनीय माहितीवरूनही त्याने पोलिसांना सोबत घेऊन घटनास्थळी जावे, असे २००६ चे नियम सांगतात. अर्ज न्यायालयात आल्यापासून साधारणपणे ३ दिवसांच्या आत पहिली सुनावणी आणि त्यानंतर ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, ही मुदतही कायद्यातच आहे. न्यायालय पतीला हिंसेपासून रोखू शकते, पत्नीला राहत्या घरातून काढण्यास मनाई करू शकते, खर्चाची रक्कम ठरवू शकते. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आणि एक कलम शेजाऱ्यांसाठी आहे. चौथ्या कलमानुसार हिंसा होत आहे असे ज्याला सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने कळविणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडून किंकाळी ऐकूनही 'आपल्याला काय करायचे' म्हणणाऱ्याने प्रेषितांची ती प्रसिद्ध हदीस आठवावी, जिच्यात जुलूम सोसणाऱ्या भावाला तर मदत करायचीच, पण जुलूम करणाऱ्या भावालाही त्याचा हात धरून मदत करायची आहे.

कागदावरचे दार इतके रुंद आहे. प्रत्यक्षात काय? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीत या कायद्याखालील ४ लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती आणि बहुतेक जिल्ह्यांत संरक्षण अधिकारी एकच होता. त्याच प्रकरणात २० मे २०२५ रोजी न्यायालयाला सर्व राज्यांना आदेश द्यावा लागला : जिथे नेमणुका नाहीत तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातील अधिकारी ६ आठवड्यांत संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, कायद्याची लोकांना माहिती द्या, गरजू स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत द्या. लोकांना माहिती देणे आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे, हे काम तर अकराव्या कलमानेच सरकारवर टाकलेले होते. जे पहिल्या दिवसापासूनचे कर्तव्य होते, त्याचा आदेश कायदा लागू झाल्यावर अठरा वर्षांनी द्यावा लागला.

जबाबदारीचा एक बारकावा येथे सांगायला हवा. संरक्षण आदेशात न्यायदंडाधिकाऱ्यांनी नेमून दिलेले काम संरक्षण अधिकाऱ्याने पुरेशा कारणाविना केले नाही, तर तेहेतिसाव्या कलमानुसार त्यालाही १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र चौतिसावे कलम म्हणते की राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याच्यावर खटला भरता येत नाही. आणि नेमणूकच न करणाऱ्या सरकारला शिक्षा सांगणारे कलम या कायद्यात नाही. त्याचा जाब नागरिकांनीच विचारायचा असतो.

विचारल्याने दारे उघडतात

जाब विचारून काय होते, असे कोणी म्हणेल. विदर्भालाच याचे उत्तर माहीत आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे दोघे होते. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये पोलीस कोठडीतल्या अत्याचाराविषयी कायदा बदलला, आणि त्याच वर्षी पतीच्या क्रूरतेला गुन्हा ठरविणारे ४९८अ हे कलम दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ या कलमांत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातच ऐकून घेणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसविण्याची ही कल्पना पुढे राज्य शासनाने स्वीकारली.

शिक्षा वाढविणे सरकारला सोपे वाटते, पद भरणे कठीण वाटते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्दबातल ठरविला. २०१९ मध्ये संसदेने त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. ज्या तलाकने विवाह मोडतच नाही, त्यासाठी पतीला तुरुंगात पाठविले, तर पत्नीला निर्वाहभत्ता कुठून मिळायचा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. प्रस्तुत लेखकाला त्याहून टोचणारा प्रश्न दुसरा आहे. ज्या तळमळीने मुस्लिम स्त्रीसाठी तुरुंगाचे दार उघडले गेले, तीच तळमळ संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाचे दार उघडताना का दिसली नाही? तलाक न देता रोज मारणाऱ्या पतीची पत्नी त्या कार्यालयाची वाट पाहत आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो.

पण बोट दाखविताना आपल्या अंगणातही पाहावे लागेल, कारण सुरह निसाची १३५ वी आयत स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्धही न्यायाची साक्ष द्यायला सांगते. त्याच सुरहची ३५ वी आयत पती-पत्नीत बेबनाव झाल्यास पतीच्या घराण्यातून एक आणि पत्नीच्या घराण्यातून एक असे दोन लवाद नेमायला सांगते. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने लातूरच्या एका पोटगी प्रकरणात हेच सांगितले. तलाक दिला असे पतीने नुसते म्हणणे पुरेसे नाही, त्यामागचे कारण आणि आधी झालेला समेटाचा प्रयत्न त्याने सिद्ध केला पाहिजे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा प्रकरणात याच दिशेने निकाल दिला. आपल्या गावोगावच्या जमातींत मात्र बैठक कशी होते? सतरंजीवर पंचवीस पुरुष, मुलगी आतल्या खोलीत, आणि तिचा लवाद कोण हे तिला विचारलेलेच नसते. शेवटी 'सबर कर' असा निवाडा. ज्याने मारले त्याला सबर सांगितल्याचे क्वचितच ऐकिवात येते. समेट चांगलाच आहे, कुरआनने त्याला चांगले म्हटले आहे. पण मारहाण थांबल्याशिवाय समेट कसला? आणि जमातीने घडवून आणलेला समेट तिचा न्यायालयात जाण्याचा हक्क काढून घेत नाही, हे बैठकीतच स्पष्ट सांगितले पाहिजे.

खोट्या तक्रारींचे काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. खोटी साक्ष महापाप आहे, ती पुरुषाने द्यावी वा स्त्रीने. म्हणूनच तर ऐकणारा अधिकारी जवळ आणि प्रशिक्षित हवा, घटनेचा अहवाल वेळेत लिहिला जायला हवा. प्रेषितांनी हबीबाचे ऐकले आणि साबितनाही समोर आणले. दोन वर्षांनी गोळा केलेल्या ऐकीव गोष्टींवरून ना तिला न्याय मिळतो, ना त्याला.

मग रोहिणखेडच्या, किंवा आपण राहता त्या कोणत्याही गावच्या वाचकाने करावे काय? घरात १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक मुलींना पाठ करवून द्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे जुम्याच्या बयानात एकदा तरी सांगितले जावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते, हद्दीचे कारण चालत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडितेला ९० दिवसांत कळविणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. त्या सभेत आपल्या बहिणी-मुली जातात का, आणि गेल्या तर त्यांना बोलू दिले जाते का?

आणि एक अर्ज लिहावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करावा. विचारावे की आमच्या तालुक्यासाठी संरक्षण अधिकारी कोण आहेत, ते कुठे आणि कोणत्या वारी बसतात, त्यांच्याकडे हे एकच काम आहे की अतिरिक्त कार्यभार आहे, गेल्या ३ वर्षांत त्यांनी किती कौटुंबिक घटना अहवाल न्यायालयाकडे पाठविले, आणि या कायद्याच्या प्रसिद्धीसाठी तालुक्यात काय केले गेले. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्यांकडे पहिले अपील करता येते. उत्तर आले की त्यातले नाव, पत्ता आणि वार मशिदीच्या फलकावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावावा. स्त्रियांना वाचता येईल अशा उंचीवर, आणि त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर.